बटणाचे झाकण

मनुष्य घराबाहेर पडताना निदान "येतो" एवढे तरी म्हणतो. आमच्या लॅपटॉपने तेवढेही सौजन्य कधी दाखविले नाही.

मंगळवारी दुपारी जेवण आटोपून मी अंमळ आडवा झालो होतो. तोच आमची सौभाग्यवती आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गेलं."

ज्या कुटुंबात दोन वयोवृद्ध मावश्या आणि एक तितकाच वयोवृद्ध फ्रिज आहे, त्या कुटुंबात असा मोघम शब्द उच्चारू नये. मी ताडकन उठून बसलो.

"कोण गेलं?"

"कोण नाही हो, निबंध! साडेतीन पानं. खोडायचं बटण दाबायला गेले आणि शेजारचं दाबलं गेलं. फट्‌कन काळं झालं सगळं."

मी आत जाऊन पाहणी केली आणि हादरलो. लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी वरच्या ओळीत, अक्षर खोडण्याचे बटण आणि अख्खे यंत्र बंद करण्याचे बटण ही दोन्ही बटणे खांद्याला खांदा लावून उभी होती. ज्या महाभागाने ही रचना केली, त्याच्या घरी डोळ्यांत घालायचे औषध आणि बूटपॉलिश एकाच फळीवर ठेवलेले असणार याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. बरे, बटण चुकून दाबले गेले तर यंत्राने "खरोखर बंद होऊ का?" असे विचारावे की नाही? आमच्या बाइंडिंगखान्यातले कागद कापण्याचे यंत्रसुद्धा दोन्ही हातांनी दोन खटके दाबल्याशिवाय पाते खाली आणत नाही. आणि इथे एका करंगळीसरशी साडेतीन पाने शून्यात विलीन!

या प्रकरणाचे गांभीर्य कळावे म्हणून सांगतो. पुढच्या शुक्रवारी सौभाग्यवतीचा बी. ए. चा शेवटचा पेपर होता. लग्नानंतर सुटलेले शिक्षण तिने वयाच्या चाळिसाव्या वर्षी पुन्हा हाती घेतले होते. पदवीसाठी सहा वर्षांची मुदत असते, आणि ती मुदत या परीक्षेबरोबर संपत होती. हा पेपर गेला की आधीचे सगळे पेपर गेले. परीक्षा घरी बसूनच, लॅपटॉपसमोर, सकाळी अकरा ते एक. कॅमेरा चालू, खोलीत दुसरे कोणी नको. नियमपत्रिकेतला पाचवा नियम मी तीनदा वाचला: "परीक्षार्थी बाहेर पडल्यास पंधरा मिनिटांच्या आत एकदाच पुनःप्रवेश मिळेल. दुसऱ्यांदा बाहेर पडल्यास उत्तरपत्रिका आहे त्या स्थितीत जमा झाली असे समजण्यात येईल."

"आहे त्या स्थितीत!" जुने कपाट विकताना वापरायचे शब्द माझ्या पत्नीच्या सहा वर्षांना उद्देशून वापरलेले पाहून माझ्या अंगावर काटा आला.

"तू निर्धास्त अभ्यास कर," मी म्हणालो, "बटणाचं मी बघतो."

"मी बघतो" या दोन शब्दांनी आमच्या घराची जेवढी हानी झाली आहे, तेवढी गळक्या टाकीनेही केलेली नाही. सौभाग्यवतीने फक्त डाव्या हाताने टंकलेखन करून पाहायला सुरुवात केली, हे मला जरा लागले.

आता त्या लॅपटॉपविषयी. तो माझ्या मेहुण्याच्या कार्यालयातून निवृत्त होऊन आमच्याकडे आला. मेहुण्याने त्याच्या पोटातले जे काही होते ते काढून तिथे लिनक्स नावाची वस्तू बसवून दिली. "दाजी, फुकट आहे, व्हायरस येत नाही, म्हातारं मशीन पळायला लागेल," असे म्हणून तो दूरच्या शहरात बदलीवर निघून गेला. सुरू करताच पडद्यावर एक पेंग्विन येतो. तो पक्षी मला पहिल्या दिवसापासून कामचुकार वाटत आला आहे. हात मागे बांधून उभा राहणारा प्राणी कोणतीही जबाबदारी घेत नाही, हा माझा अनुभव आहे.

बातमी जिन्यावरून वर गेली. वरच्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक सिग्नलवाले काका राहतात. ते चष्मा पुसत खाली आले.

"एकट्या माणसाला बटण दाबता येतंच कसं? आमच्याकडे एक खटका ओढायचा तर पलीकडच्या स्टेशनची परवानगी लागायची. तुम्ही पलीकडे कुणाला तरी बसवा."

तळमजल्यावरचे दंतवैद्य दवाखाना बंद करून जाताना डोकावले. त्यांनी छोट्या टॉर्चने बटण नीट पाहिले, शेजारचे बटणही हलवून पाहिले. "काढून टाकू या," ते म्हणाले, "त्रास देतंय ते ठेवायचं कशाला?"

"पण डॉक्टर, मग चालू कसा करायचा?"

"ते नंतरचं झालं. आधी त्रास थांबवू."

समोरच्या वहिनींनी तर सौभाग्यवतीच्या उजव्या हाताची करंगळी दोन तास धरून बसण्याची तयारी दाखविली. कॅमेऱ्याचा नियम सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मी टेबलाखालून धरीन की." अशा परोपकारी वृत्तीपुढे मनुष्य नतमस्तक होतो, परंतु त्यामुळे बटणाचा प्रश्न सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेलो. तिथे नंबराची चिठ्ठी घ्यावी लागते. माझा सत्तेचाळिसावा होता. काउंटरवरची मुलगी अर्ज भरून घेत होती.

"विंडोज कुठलं?"

"त्यात पेंग्विन आहे."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि त्या रकान्यात आडवी रेघ मारली. "बिघाड काय?"

"बंद करायचं बटण."

"चालत नाही?"

"उत्तम चालतं. तीच तर तक्रार आहे."

"काका, चालणारी वस्तू दुरुस्तीला घेता येत नाही. बिघाडाचा रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढेच जात नाही."

"मग लिहा, वाजवीपेक्षा जास्त चालतं."

"असा पर्याय नाही. आधी बिघडवून आणा, मग बघू." हे ती अतिशय गोड आवाजात म्हणाली, त्यामुळे अपमान झाला हे मला रस्ता ओलांडल्यावर कळले.

तसाच परीक्षा विभागात गेलो. खिडकी क्रमांक चारच्या मागे एक गृहस्थ मफलर गुंडाळून बसले होते. मी त्यांना पाचवा नियम दाखवून विनवणी केली की, बटणासाठी एखादी सवलत असावी.

"वीज गेली तर वीज कार्यालयाचं पत्र आणायचं. इंटरनेट गेलं तर कंपनीचं पत्र आणायचं."

"आणि बटण दाबलं गेलं तर?"

"कुणाकडून?"

"बोटाकडून."

"बोट कुणाचं?"

"परीक्षार्थीचं."

"मग परीक्षार्थी स्वेच्छेने बाहेर पडला," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी खिडकीची फळी खाली ओढली.

स्वेच्छेने! ज्या बाईने सहा वर्षे पहाटे उठून, दोन्ही मावश्यांचे औषधपाणी सांभाळून राज्यशास्त्र पाठ केले, ती स्वेच्छेने बाहेर पडणार? मी त्या फळीशी सुमारे दहा मिनिटे वाद घातला. अखेर रांगेतल्या मागच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केले.

शनिवारी मेहुण्याला फोन लावला.

"एवढंच ना, दाजी? सेटिंगमध्ये जा. पॉवर म्हणून आहे. तिथे लिहिलंय ना, बटण दाबल्यावर काय करायचं? तिथे 'काहीही करू नका' निवडा."

निवडले. पडद्यावर स्वच्छ अक्षरांत आले: काहीही करू नका. मी विजयी मुद्रेने सौभाग्यवतीला हाक मारली, दोन्ही मावश्यांना खुर्च्या दिल्या, आणि सर्वांच्या साक्षीने बटण दाबले.

फट्‌कन काळे.

थोरली मावशी म्हणाली, "छान बंद होतं हो."

मला जो धक्का बसला तो यंत्राचा नव्हता. लेखी आदेशाचा असा उघड अवमान मी आयुष्यात पाहिला नव्हता! मेहुणा मात्र फोनवर हसला. "अहो दाजी, ते वरचं सेटिंग आहे. तुमच्या मशिनमध्ये बटणाचं खातं खालच्याकडे आहे, आणि खालचा वरच्याला विचारत नाही."

आमच्या बाइंडिंगखान्याच्या मालकांचा आणि कामगारांचा संबंध हुबेहूब असाच असल्यामुळे हे मात्र मला चटकन समजले.

खालच्याची म्हणून एक फाइल होती. ती उघडण्यासाठी काळ्या खिडकीत पासवर्ड द्यायचा होता. मी एकेक कळ दाबू लागलो, पण पडद्यावर काहीही उमटेना. ना अक्षर, ना ठिपका. मी ओरडलो, "कीबोर्ड मेला!"

"मेला नाही, दाजी. पासवर्ड लिहिताना लिनक्स काही दाखवत नाही. विश्वास ठेवा आणि लिहा."

आंधळ्या विश्वासाने लिहिले, आणि फाइल उघडली. माझ्या बेताच्या इंग्रजीलाही दिसले की, प्रत्येक ओळीच्या आरंभी जाळीसारखे एक चिन्ह चिकटले होते. मेहुणा म्हणाला, "ज्या ओळीपुढे जाळी असेल, ती ओळ मशीन वाचतच नाही. बटणाची ओळ शोधा, जाळी काढा, शेवटी 'पॉवरऑफ' लिहिलंय ते खोडून 'इग्नोर' लिहा. म्हणजे दुर्लक्ष कर. साठवा, मशीन बंद करून चालू करा. मी मीटिंगला चाललोय." त्याने तो शब्द मला एकेक अक्षर सांगून लिहून घ्यायला लावला आणि फोन ठेवला.

आता येथे मला माझ्या हातून घडलेल्या गोष्टीची कबुली दिली पाहिजे. मी सातवीनंतर शाळा सोडली आणि तेहतीस वर्षे बाइंडिंगखान्यात आहे. छापील पाने घडी घालता घालता वाचीत गेलो, म्हणून कित्येक ग्रंथांची मधली पाने मला मुखोद्गत आहेत. माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावली होती: "पान काप, कड घास, डाग पूस. पण लिहिणाऱ्याच्या शब्दाला हात लावायचा नाही. तो शहाणा आहे, आपण बाइंडर." ही शिकवण मी कधी मोडलेली नाही. एका ग्रंथात सूर्य पश्चिमेला उगवलेला होता. तोही मी तसाच शिवला.

म्हणून मी काय केले, तर जाळीची चिन्हे हे छपाईचे डाग समजून सर्वच्या सर्व स्वच्छ पुसून काढली. परंतु 'पॉवरऑफ' या शब्दाशी येऊन माझे बोट थांबले. कोणा विद्वानाने विचारपूर्वक लिहिलेला शब्द! तो मी, सातवी पास, खोडू? मनात म्हणालो, डाग निघाले आहेत, तेवढ्याने भागेल. फाइल साठवली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, दार लोटून घेतले आणि बटण दाबले.

फट्‌कन.

"झालं का हो?" बाहेरून आवाज आला.

"झाल्यातच जमा आहे," मी म्हणालो. मेहुण्याला पुन्हा फोन करावा असे मनात आले होते. पण त्याला सांगणार काय? शब्द खोडायची छाती झाली नाही, असे? मनुष्याला काही अब्रू असते. शब्दाची चिठ्ठी मी सदऱ्याच्या खिशात ठेवून दिली.

तिथेच मला माझी विद्या आठवली. बटणाला शब्दाने आवरता येत नसेल तर त्याच्यावर झाकण घालावे! गुरुवारी जेवणाच्या सुटीत मी बाइंडिंगखान्यात बसून करंगळीच्या पेराएवढे एक झाकण तयार केले. पुठ्ठा पातळ पण कणखर. वरून तांबड्या रंगाचे कापड, तेच जे आम्ही कायद्याच्या ग्रंथांना लावतो. एका बाजूला कापडाचीच बिजागरी, म्हणजे बटण हवे तेव्हा झाकण उघडता यावे. कोपरे असे वळवले होते की, पाहणाऱ्याला ते राजघराण्यातल्या एखाद्या उंदराच्या चोपडीचे वेष्टन वाटावे. शुक्रवारी सकाळी ताजी खळ शिजवून मी कापड अखेरचे भिजवून चिकटवले आणि झाकण लॅपटॉपवर बसवले.

सौभाग्यवतीने त्यावरून हळूच बोट फिरवले. "अहो, किती सुंदर झालंय!"

लग्नाला सत्तावीस वर्षे झाली. असा स्वर मी मोजून चार वेळा ऐकला आहे. मी इतका हुरळलो की, एका गोष्टीचा मला साफ विसर पडला.

बाइंडिंगखान्यात शिकाऊ माणसालाही ठाऊक असते की, ओले काम वजनाखालीच वाळले पाहिजे. आणि पुठ्ठ्याला एका बाजूने कापड लावले तर दुसऱ्या बाजूने कागदाचे अस्तर लावायचे, नाही तर वाळताना कापड आकसते आणि पुठ्ठ्याला ओढून वाकवते. माझ्या झाकणावर वजन ठेवता येत नव्हते, कारण खाली बटण होते. आणि अस्तर मी लावले नव्हते, कारण जाडी वाढली असती.

अकरा वाजता पेपर सुरू झाला. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो. पंखा मोठा ठेवला होता, तिला घाम येऊ नये म्हणून. म्हणजे खळ वाळण्याची उत्तम व्यवस्था मी स्वहस्ते केली होती. आतून टकटक येत होती, जोरकस, आत्मविश्वासपूर्ण. मावश्यांना खुणेने गप्प बसवले होते. अकरा वाजून बत्तीस मिनिटांनी टकटक थांबली.

दार उघडले. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"मी हात लावला नाही," ती म्हणाली. "शपथ घेऊन सांगते, मी त्या बाजूला गेलेच नाही. आपोआप गेलं."

मी आत धावलो. झाकणाकडे पाहिले. तांबडे कापड वाळून आकसले होते, झाकणाच्या कडा वर उचलल्या गेल्या होत्या आणि त्याचे पोट खाली फुगून बटणावर दाबून बसले होते. तेहतीस वर्षे मी ज्या चुकीबद्दल इतरांना बोल लावत आलो, ती चूक माझ्या घरात, माझ्या पत्नीच्या पदवीवर, माझ्या हाताने बसवलेली होती.

"अस्तर नाही लावलं," मी पुटपुटलो.

"काय?"

"काही नाही. माझं चुकलं."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग नखाने झाकण अलगद उचकटले, बाजूला ठेवले आणि लॅपटॉप चालू केला. पेंग्विन हात मागे बांधून उभा राहिला.

"चौदा मिनिटं आहेत," ती म्हणाली. "पुन्हा गेलं तर संपलं सगळं. खरं सांगा. भाऊने काय करायला सांगितलं होतं? आणि तुम्ही काय केलंत?"

मी खिशातून चिठ्ठी काढली. घडी पडलेली, खळीचा डाग लागलेली. "हा शब्द लिहायचा होता. मी नाही लिहिला."

"का?"

"दुसऱ्याचा शब्द कसा खोडायचा?"

मला वाटले, आता ती ओरडणार. मी ओरडलो असतो. ती एवढेच म्हणाली, "अहो, सहा वर्षं मी दुसऱ्यांचेच शब्द खोडून माझे लिहायला शिकतेय. द्या इकडे."

तिने काळी खिडकी उघडली. पासवर्ड लिहिला, काही उमटले नाही, पण ती थांबली नाही. फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. "सगळ्याच जाळ्या काढल्यात?" "डाग वाटले," मी म्हणालो. तिने बटणाची ओळ शोधली, शेवटचा शब्द खोडला आणि चिठ्ठीवरचा लिहिला. साठवले. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. हे सर्व होईपर्यंत मी दारात मेहुण्याचे, पेंग्विनचे आणि उस्तादांचे नाव घेत उभा होतो.

"सहा मिनिटं," ती म्हणाली. "दाबा."

"मी?"

"तुम्हीच. मग मी आत जाते पेपरात."

मी करंगळी पुढे केली. डोळे मिटले आणि दाबले.

काहीही झाले नाही.

त्या दहा दिवसांत मला जेवढे धक्के बसले, त्यांत हा सर्वांत मोठा होता. मी पुन्हा दाबले. काही नाही. अंगठ्याने दाबले. पडदा उजळलेला, स्थिर, निर्विकार. "मावशी!" मी ओरडलो, "काहीही होत नाही!"

"अरे देवा," धाकटी मावशी बाहेरून म्हणाली, "आता काय करायचं?"

"बाहेर व्हा," सौभाग्यवती म्हणाली. "कॅमेरा लागतोय."

एक वाजेपर्यंत टकटक चालू राहिली. मधे दोनदा ती थांबली, आणि दोन्ही वेळा माझे हृदयही थांबले. पण ती विचार करीत होती.

दीड महिन्याने निकाल लागला. ती द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झाली. सिग्नलवाले काका म्हणाले, खटक्याची कल्पना मुळात त्यांचीच. दंतवैद्यांनी अजून बटणाकडे संशयाने पाहणे सोडलेले नाही. तांबडे झाकण सौभाग्यवतीने फेकले नाही. ते वाकलेल्या अवस्थेतच तिच्या पेन्सिलींच्या डब्यात आहे.

गेल्या रविवारी तिने मला हाक मारली. लॅपटॉपवर एक अर्ज उघडलेला होता. बाहेरून दहावीची परीक्षा देण्याचा. नावाच्या रकान्यात माझे नाव, जन्मतारखेत माझी जन्मतारीख. मी जागच्या जागी हादरलो.

"या वयात? मी? बाइंडर?"

"सूर्य पश्चिमेला उगवला होता ना, त्या पुस्तकात? तो पुढच्या वेळी खोडता यायला हवा. बसा. शेवटचं बटण तुम्हीच दाबायचं."

मी खुर्चीवर बसलो. करंगळी पुढे केली आणि मागे घेतली. "कुठलं दाबू? चुकीचं दाबलं तर?"

"दाबा हो कुठलंही," ती म्हणाली. "आता काही जात नाही."